वायफायचं डोंगल लावलं की लॅपटॉपला सीडी दिसते, वायफाय दिसत नाही

मांजराकाठ

नमस्कार. मी कळंब तालुक्यातल्या खेड्यातून लिहितेय. घरी शिवणकाम करते. कॉम्प्युटरचं शिक्षण झालेलं नाही, पण जे जे दिसलं ते वहीत लिहून ठेवलंय. विचाराल ते बघून सांगेन.

लॅपटॉप माझ्या भावाचा जुना आहे, ४ जीबी रॅमचा. विंडोज त्यात लई हळू चालायचं, म्हणून पुण्याहून पाठवताना त्याने लिनक्स मिंट २१.३ टाकून दिलं. तसा लॅपटॉप छान चालतो. उन्हाळ्यात त्याचं आतलं वायफाय बंद पडलं. तालुक्याला दाखवलं तर म्हणाले कार्ड गेलंय, यूएसबीचं डोंगल लावा, स्वस्तात काम होईल.

मग लातूरला गेले होते तेव्हा एका दुकानातून ४५० रुपयांना डोंगल आणलं. बोटाएवढं आहे, वर फिरणारी दांडी आहे, डब्यावर ६०० लिहिलंय. दुकानदार म्हणाले नुसतं लावा, आपोआप चालू होतं. घरी येऊन लावलं तर पडद्यावर एका सीडीचं चित्र आलं. त्यात 'सेटअप' नावाची फाइल आहे, तिच्यावर दोनदा दाबलं तरी काही होत नाही. खाली कोपऱ्यात वायफायचं चिन्हच येईना. दोन्ही खाचांत लावून बघितलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, तेच.

आता घाईचं कारण. मुलगी बारावी झाली, सीईटी दिली, आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेरीचा पसंतीक्रम भरायला चारच दिवस राहिलेत. फोनवर ती भरायला बसली होती. कॉलेजच्या कोडची यादी वेगळी उघडायची, परत फॉर्मवर यायचं, तोवर पान पहिल्यापासून सुरू होतं. काल रात्री दीड वाजेपर्यंत ती कोड कागदावर उतरवत होती. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर भलत्याच कॉलेजचं नाव लागायचं, ही तिची भीती.

फायबर आमच्या चुलत दिरांच्या घरी आहे, बोळ ओलांडून समोर. पासवर्ड त्यांनी दिलाय. आमचं घर माळवदाचं, भिंत दीड हाताची. खिडकीपाशी फोनला त्यांचं वायफाय मिळतं. मोबाईलची रेंज मात्र माळवदावर चढल्याशिवाय येत नाही.

डोंगल खराब निघालं का? दुकानदार बदलून देतो म्हणतात, पण लातूरला परत जायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि इथे शाळेचे गणवेश शिवायचे पडलेत.

लातूर दुरुस्ती

ताई, डोंगल परत करू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ते चांगलं आहे. माझ्याकडे महिन्याला अशी दोन-तीन तरी येतात, आणि मालक बिचारे दुकानदाराशी भांडून आलेले असतात.

या डोंगलच्या पोटात थोडी मेमरी असते. बनवणारा त्यात विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवणारा प्रोग्रॅम, भरून ठेवतो, म्हणजे वेगळी सीडी द्यायला नको. म्हणून डोंगल लावलं की ते आधी सीडी म्हणून पुढे येतं. विंडोज त्यातला ड्रायव्हर घेतं, आणि तो ड्रायव्हर डोंगलला सांगतो, आता सोंग उतरव, वायफाय हो. गावात बहुरूपी येतो ना, तसंच. आपण ओळख दिल्याशिवाय तो पोलिसाचं सोंग काही सोडत नाही. लिनक्समध्ये ती 'सेटअप' फाइल चालतच नाही, त्यामुळे सोंग उतरव म्हणायला कुणी नसतं.

तुमच्या डोंगलवरचं नाव मला नको, त्याचा उपयोग नाही. एकाच नावाच्या डब्यात वेगवेगळी चिप निघते. मला चिपचा नंबर हवा. डोंगल लावून ठेवा. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबा, काळी खिडकी उघडेल. त्यात इंग्रजी छोट्या अक्षरांत एल एस यू एस बी लिहा, मध्ये जागा सोडू नका, आणि एंटर मारा. चार-पाच ओळी येतील. ज्या ओळीत रिअलटेक असं दिसेल ती ओळ जशीच्या तशी इथे लिहा. आयडी या शब्दानंतरचे आठ आकडे-अक्षरं महत्त्वाची.

गोदाकाठ नांदेड

काकू, दादा सांगतायत ते बरोबर आहे, पण त्याला एक-दोन दिवस लागले तरी फॉर्म थांबायला नको. तो आज भरून होईल.

तुमच्या घरी एक यूएसबी वायफाय आधीच आहे. तुमचा फोन! बऱ्याच जणांना वाटतं यूएसबी टेदरिंग म्हणजे मोबाईलचा डेटा लॅपटॉपला देणं. पण बहुतेक अँड्रॉइड फोन वायफायला जोडलेले असताना यूएसबी टेदरिंग चालू केलं की तेच वायफाय वायरीतून लॅपटॉपला मिळतं. रेंज नसली तरी चालतं. डेटाही जात नाही.

फोन खिडकीत ठेवा, दिरांच्या वायफायला जोडा. चार्जिंगच्या वायरीने लॅपटॉपला लावा. मग फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग, तिथे यूएसबी टेदरिंग. वायर लावल्याशिवाय ते बटण फिकटच दिसतं, घाबरू नका. लॅपटॉपवर वायफायचं चिन्ह येणार नाही, 'वायर्ड कनेक्शन' जोडलं असा निरोप येईल. लिनक्समध्ये याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

आयफोन असेल तर जमत नाही, तो फक्त मोबाईलचा डेटा पुढे देतो.

मी होस्टेलवर पहिलं पूर्ण सेमिस्टर असंच काढलंय. फोन गरम होतो तेवढं बघा, त्याच्यावर कापड-बिपड टाकू नका.

आणि कायमचं करायचं तर समोरून सरळ लॅन केबल ओढा. १०० मीटरपर्यंत चालते, तुमचा तर नुसता बोळ आहे. वायफायची कटकटच नको.

मांजराकाठ

झालं! पहिल्या वायरीने काहीच होईना, बटण फिकटच राहिलं. ती नुसती चार्जिंगची निघाली. मग पुतण्याच्या फोनची वायर आणली, लावल्याबरोबर 'वायर्ड कनेक्शन' आलं. फोन आमचा साधाच आहे, चार वर्षांचा.

मुलीने एका बाजूला यादी उघडली, एका बाजूला फॉर्म. मी मशीनवर बसून बघत होते. ती कोड मोठ्याने वाचायची आणि मी कागदावरच्याशी ताडून हो म्हणायची. ४१ पर्याय भरले. कागदावर दोन ठिकाणी आकडे उलटे लिहिलेले सापडले, रात्री झोपेत लिहिलेले. फोनवरच भरलं असतं तर ते तसेच गेले असते. अजून पक्का केला नाही, उद्या भाऊ फोनवर एकदा ऐकून घेणार आहे. नांदेडच्या बाळा, तुझं नाव माहीत नाही पण तुझं भलं होवो.

लातूरचे दादा, ओळ अशी आली: शून्य बी डी ए, मग दोन टिंबं, मग एक ए दोन बी. पुढे रिअलटेक आणि आणखी काही इंग्रजी आहे. वायफाय असा शब्द कुठे नाही.

परभणी केबल

नांदेडच्या भावाचं बाकी सगळं पटलं, पण केबलचं सांगणं मला मान्य नाही. ताई, बोळावरून तांब्याची केबल ओढू नका. मी १४ वर्षं केबलच्या धंद्यात आहे, तळमळीनं सांगतो.

आपल्याकडे मृगाच्या तोंडाला आणि परतीच्या पावसात विजा कशा पडतात ते तुम्हाला सांगायला नको. वीज घरावरच पडावी लागते असं नाही. शेजारच्या शेतातल्या झाडावर पडली तरी दोन घरांमध्ये लोंबणाऱ्या तांब्याच्या तारेत दाब तयार होतो, आणि तो तारेच्या दोन्ही टोकांना जातो. एका टोकाला दिरांचा राउटर, दुसऱ्या टोकाला तुमचा लॅपटॉप. मागच्या वर्षी मानवत तालुक्यात एका घरी मी स्वतः बघितलं. घराला काही नाही, माणसांना काही नाही, वीज लांब ओढ्याकडे पडलेली. राउटरचं लॅनचं खाचं काळं पडलेलं आणि लॅपटॉप चालूच होईना. वीज कडाडायला लागली तेव्हा त्यांनी प्लग काढले होते, पण केबल तशीच लावलेली होती. लोक प्लग काढतात आणि केबल विसरतात.

फायबरचं वेगळं आहे. काचेच्या धाग्यातून वीज जात नाही. खांबावरून येणाऱ्या फायबरमध्ये आधाराला स्टीलची तार असते, पण ती बाहेरच हुकाला बांधून तोडायची असते, आतल्या डब्यापर्यंत आणायची नाही. दिरांच्या घरी ती कशी आहे तेही एकदा बघून घ्या.

एकाच घरात, एका छपराखाली केबल टाकायची असेल तर खुशाल टाका, तिच्यासारखं दुसरं काही नाही. दोन घरांमध्ये मात्र वायफाय बरं.

गोदाकाठ नांदेड

हे मला माहीत नव्हतं काका. आमच्या होस्टेलच्या दोन बिल्डिंगमध्ये अशीच केबल लोंबतेय. उद्या रेक्टर सरांना दाखवतो.

लातूर दुरुस्ती

ताई, ओळ अगदी बरोबर उतरवलीत. शेवटचं एक ए दोन बी म्हणजेच सीडीचं सोंग. आता पडद्यावरच्या त्या सीडीच्या चित्रावर उजवं बटण दाबा आणि 'इजेक्ट' म्हणा. चित्र जाईल. पाच-दहा सेकंद थांबा, डोंगल काढू नका, आणि काळ्या खिडकीत तीच एल एस यू एस बी कमांड परत द्या. आता शेवटी सी ८ १ १ असं यायला पाहिजे. आलं तर चिप ८८११सीयू, डब्यावरच्या ६०० चा हिशेबही जुळतो. ५ गिगाहर्ट्झवर ४३३ एमबीपीएस आणि २.४ वर १५०, बेरीज करून वर ढकललेला आकडा आहे तो. एका वेळी एकच पट्टा चालतो, म्हणजे ६०० कधीच मिळत नाहीत.

तरीही लगेच वायफाय लागणार नाही, ते आधीच सांगतो म्हणजे नाराज होऊ नका. मिंट २१.३ बरोबर जो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, येतो तो ५.१५, म्हणजे २०२१ चा. त्यात या चिपचा यूएसबी ड्रायव्हर नाही. तो ६.२ पासून कर्नलमध्येच आला, २०२३ मध्ये. म्हणून नवीन कर्नल घ्यायचा. फोन टेदरिंगला लावा, अपडेट मॅनेजर उघडा, वरच्या 'व्ह्यू' मध्ये 'लिनक्स कर्नल्स' आहे. तो एक इशारा दाखवेल, पुढे जा. डावीकडे ६.८ निवडा, त्यातला सगळ्यात वरचा बसवा, मग रीस्टार्ट.

जुना कर्नल आपोआप जात नाही. काही बिघडलंच तर लॅपटॉप चालू होताना 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून ५.१५ वर परत जाता येतं. मुलीचा फॉर्म पक्का झाल्यावरच हे करा. चालत्या गाडीचं चाक काढायचं नाही.

संभाजीनगर लिनक्स

कर्नल बदलण्यापेक्षा या चिपचा ड्रायव्हर नेटवरून घेऊन बसवता येतो. मी २०२० पासून तसंच वापरतोय, काही त्रास नाही. वेगही बरा मिळतो.

लातूर दुरुस्ती

साहेब, तुमचं चालतंय कारण तुम्हाला ते जमतं. तो ड्रायव्हर मशीनवरच तयार करावा लागतो, त्यासाठी कंपायलर, हेडर्स, डीकेएमएस सगळं आणावं लागतं. डीकेएमएस म्हणजे नवा कर्नल आला की ड्रायव्हर परत तयार करून देणारं, ते नीट बसलं नाही तर पुढच्या कर्नल अपडेटला वायफाय गायब, आणि ते परत मिळवायला इंटरनेट नाही. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला ड्रायव्हर चालू न देणारं कुलूप, चालू असेल तर सहीची वेगळी भानगड. कर्नलबरोबर आलेल्या ड्रायव्हरवर सही आधीच असते. ज्या घरात बिघडलं तर धावून येणारं कुणी नाही, तिथे मी कर्नलमधलाच ड्रायव्हर देतो. वेग थोडा कमी मिळाला तरी चालेल.

अजून कुणी डोंगल घेणार असेल तर आधी विचारा, चिप कोणती. ५.१५ वर काहीच न करता चालणारी चिप हवी असेल तर मीडियाटेकची एमटी ७६०१यू आहे, किंवा अथेरॉसची एआर ९२७१. दोन्ही फक्त २.४ वर चालतात, वेग बेताचा, पण लावलं की लागतं.

परभणी केबल

ताई, वायफाय लागलं की जागेचं बघा. दीड हाताची माती-दगडाची भिंत म्हणजे सिग्नलचा जीव जातो. ५ गिगाहर्ट्झ तर तुमच्यापर्यंत पोचणारच नाही असं धरा, २.४ थोडं तरी आरपार येतं. दिरांच्या राउटरवर दोन नावं दिसत असतील तर ५ लिहिलेलं सोडून दुसरं घ्या.

डोंगल लॅपटॉपलाच चिकटवून ठेवू नका. यूएसबीची एक्स्टेन्शन वायर घ्या, दीड मीटरची, शंभर-सव्वाशेला मिळते, आणि डोंगल खिडकीत आणा. लॅपटॉप कुठेही राहू दे, कान खिडकीत पाहिजेत. आणखी एक फायदा. यूएसबी ३ ची जी निळी खाचं असतात, त्यांच्यात पेनड्राइव्ह वगैरे चालू असलं की २.४ च्या पट्ट्यात गोंधळ होतो. वायरीमुळे डोंगल त्याच्यापासून लांब जातं. काळं खाचं असेल तर तेच वापरा.

खिडकीला पत्र्याचं दार असेल तर ते उघडं ठेवायचं. पत्रा सिग्नल परत फेकतो.

मांजराकाठ

फॉर्म परवाच पक्का झाला. पावती छापून आणली, देवाजवळ ठेवलीय. त्यानंतरच मी डोंगलला हात लावला.

इजेक्ट केलं, दहा अंक मोजले, कमांड दिली. शेवटी सी ८ १ १! मी ओरडलेच, सासूबाई बाहेरून काय झालं म्हणून आत आल्या. मग कर्नल ६.८ घेतला. उतरायला पाऊण तास लागला, मधेच लाइट गेली, पण लॅपटॉपची बॅटरी आहे आणि दिरांकडे इन्व्हर्टर, त्यामुळे तुटलं नाही. रीस्टार्ट केल्यावर परत सीडी आली, परत इजेक्ट केली, आणि कोपऱ्यात वायफायचं चिन्ह आलं. दाबलं तर सात नावं. शाळेचं पण दिसतंय.

मशीनपाशी बसून एकच रेघ येत होती, पान अर्धं उघडून थांबायचं. मग परभणीच्या भाऊंनी सांगितलं तशी दीड मीटरची वायर आणली, १२० ची. आमच्या खिडकीच्या बाजूला भिंतीत देवळी आहे, पूर्वी तिथे रॉकेलची चिमणी ठेवायचे, वर काजळीचा डाग अजून आहे. डोंगल आधी देवळीत ठेवलं, दोन रेघा. मग खिडकीच्या गजाला परकराच्या नाडीने बांधलं, दांडी उभी करून, तीन रेघा. दांडी आडवी केली की एक कमी होते, चार वेळा करून बघितलं. पाऊस आत येतो त्या कोपऱ्यात नको म्हणून वरच्या गजाला बांधलंय. वेग मोजला तर २२ आला. फोन तिथेच ठेवून टेदरिंगवर १४ येत होता. ५ चं नाव दिसतच नाही, तुम्ही म्हणालात तसं.

दिरांची स्टीलची तार बघितली. बाहेर हुकाला बांधलीय आणि तिथेच तोडलीय, आत नुसता पांढरा धागा जातो.

आता एकच राहिलं. लॅपटॉप चालू केला की दरवेळी सीडी येते आणि इजेक्ट करावी लागते. मला सवय झालीय, पण मुलगी कॉलेजला गेल्यावर धाकटा वापरणार आहे, तो विसरतो. ते आपोआप होतं का?

लातूर दुरुस्ती

होतं. सोंग उतरवायचं काम करणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे, यूएसबी मोडस्विच. मिंटमध्ये बहुतेक वेळा आधीच असतो, नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये त्याच नावाने शोधून बसवा. त्याला फक्त सांगावं लागतं की शून्य बी डी ए, एक ए दोन बी हे दिसलं की लगेच बदल. त्यासाठी एका फाइलीत एकच ओळ लिहायची. फाइल ईटीसी फोल्डरमध्ये, त्यात यूडेव्ह, त्यात रूल्स डॉट डी. काही लोक लिब फोल्डरमधली जुनी फाइल बदलायला सांगतात. ते करू नका, अपडेट आलं की ती पुसली जाते.

ओळीत इंग्रजी चिन्हं बरीच आहेत, अवतरणं, बरोबरची दोन-दोन चिन्हं, स्वल्पविराम. मराठीत सांगण्यात अर्थ नाही, म्हणून ओळीचा फोटो खाली जोडलाय. माझ्याच दुकानातल्या लॅपटॉपवरचा आहे, चालत्या मशीनचा. एक-एक अक्षर बघून उतरवा.

मांजराकाठ

पहिल्यांदा झालं नाही. वहीत ओळ उतरवून घेतली, मग शिवताना माप ताडते तसं बोट ठेवत फोटोशी ताडलं. रन या शब्दापुढचं एक अवतरण राहिलं होतं. ते घातलं, रीस्टार्ट केलं. सीडीचं चित्र आलं, मी काही केलं नाही, तीन सेकंदांत आपलं आपण गेलं आणि वायफाय लागलं. खात्रीसाठी तीनदा बंद-चालू केलं, तिन्ही वेळा लागलं. ओळ वहीत डोंगलच्या पानावर लिहून ठेवलीय, खाली तारीख टाकलीय.

जुना ५.१५ कर्नल काढून टाकू का? लॅपटॉपमध्ये जागा कमी आहे, ९ जीबी उरलीय.

लातूर दुरुस्ती

राहू द्या ताई. काही शे एमबीच घेतो तो. ६.८ चे पुढचे अपडेट येत राहतील, त्यांतले मधले जुने काढा. ५.१५ चा एक मात्र कायम ठेवा. आणि जागा हवी असेल तर आधी डाउनलोडचं फोल्डर बघा, कॉलेजच्या याद्या दहा-दहा वेळा उतरवलेल्या असतील.